सव्वा मीटर जाडीची तार

बारकी घरात सगळ्यांत उंच होती. नाव पडलं तेव्हा ती चार दिवसांची होती, त्यामुळे तेव्हा ते बरोबरच होतं; पुढे कुणी पुन्हा तपासायला गेलं नाही. तेविसाव्या वर्षी ती फळीवरचे डबे टाचा न उचलता काढून द्यायची आणि डबा हातात पडला की आत्या दर वेळी म्हणायची, "लहान आहे पण कामाची आहे."

घरात माणसं आठ आणि खोल्या दोन. तिसरं स्वयंपाकघर, पण तिथे बाबा झोपायचे आणि बाबांचं घोरणं इतकं भरभक्कम होतं, की ती जागा घरात धरायची नाही असं सर्वानुमते ठरलं होतं. या घरात बारकी जन्मली, वाढली, शिकली आणि एकदाही एकटी राहिली नाही. न्हाणीघरात गेलं तरी दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवायचं. काही काम नसलं तर "काही नाही, सहज" म्हणायचं.

आयुष्यात एकदाच तिला एकटेपण मिळालं होतं. एकोणिसाव्या वर्षी कसलासा दाखला काढायला गेली असताना ती लिफ्टमध्ये अडकली. पूर्ण अकरा मिनिटं. चार भिंती, एक दिवा आणि ती. मेकॅनिकने दार उचकटून घाबरू नका ताई, घाबरू नका असं चालवलं, तेव्हा बारकीच्या तोंडून निघून गेलं, "इतक्यात?"

म्हणून जिन्यावरची खोली रिकामी होणार हे कळलं, तेव्हा तिला रात्रभर— झोप छान लागली, पण स्वप्नं सगळी लिफ्टची पडली.

जिन्यावरच्या खोलीत आठ वर्षं मोठ्या काकांची व्यायामाची सायकल होती. आठ वर्षांत तिच्यावर फक्त ओल्या चादरी बसल्या. ती अखेर भंगारात गेली आणि मोठ्या काकांनी, लग्न न करता सगळ्या घराचा संसार चालवणाऱ्या माणसाच्या अधिकाराने, निकाल जाहीर केला : नोकरीत जो आधी कायम होईल, त्याची खोली. बारकी आणि आतेभाऊ दोघेही कुठेकुठे तात्पुरते होते, तेव्हा शर्यत दोघांतच होती. पण शर्यत म्हणणंही धाडसाचं होतं. आतेभाऊ चष्म्याच्या दुकानात होता, त्याचे सहा महिने भरत आले होते आणि त्याच्या कायमपणाचं पत्र येत्या सोमवारी मिळणार होतं. त्याने खिडकीचं माप घेऊन पडदासुद्धा आणून ठेवला होता. निळा. वर बदकं.

बारकीकडे सोमवारपर्यंत सात दिवस होते आणि कायम व्हायचं काही चिन्ह नव्हतं. बदकंही नव्हती.

ती स्प्रिंगांच्या कारखान्यात होती, पॅकिंगला. तयार स्प्रिंग पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, कागदात गुंडाळायची, खोक्यात घालायची आणि सोबतचं प्रमाणपत्र भरायचं. प्रमाणपत्रावर स्प्रिंगचा ताठपणा लिहावा लागे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात तो आकडा. तो काढायचं सूत्र कारखान्याच्या भिंतीवर एका पत्र्याच्या पाटीवर रंगवलेलं होतं. मालकीणबाईंच्या वडलांनी ती पाटी लावली होती. ती अशी :

ताठपणा = पोलादाचा आकडा × जाडी × जाडी × जाडी × जाडी, भागिले (८ × वेढे × व्यास × व्यास × व्यास).

जाडी म्हणजे तारेची, व्यास म्हणजे वेटोळ्याचा. डावीकडे ताठपणा एकटा ऐसपैस बसलेला आणि उजवीकडे बाकीचे सगळे एकमेकांच्या अंगावर. बारकीला ती पाटी पाहिली की घरच्यासारखं वाटायचं.

कारखान्याची रीत अशी होती की आधी स्प्रिंग, मग सूत्र. स्प्रिंग करायची ती वस्तादांनी. वस्ताद तार चिमटीत धरत, डोळे मिटत, गिऱ्हाइकाचं म्हणणं आठवत आणि "साडेचार" असं काहीतरी बोलत. मग स्प्रिंग वळायची, गिऱ्हाइकाला दाखवायची. पसंत पडली तर सूत्रात घालून तिचा ताठपणा कागदावर लिहायचा, जसं मूल जन्मल्यावर त्याचं वजन लिहितात. नापसंत पडली तर ती मागच्या अंगणात जायची. अंगणात नापसंत स्प्रिंगांचा पुरुषभर ढीग होता आणि जवळून कुणी जोरात शिंकलं की तो बराच वेळ मान डोलावत राहायचा. तीस वर्षांत कुणालाही यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाटी स्प्रिंगबद्दल बोलायची ती स्प्रिंग झाल्यावर, नातेवाइकांसारखी.

मग बसच्या सीटचं काम आलं.

एका बस कंपनीने चाळीस नव्या बसगाड्यांच्या ड्रायव्हर-सीटसाठी स्प्रिंगा मागवल्या होत्या, दर सीटला एक. अट साधी होती : ड्रायव्हर बसला की सीट आठ सेंटिमीटर खाली जावं, म्हणजे त्याचे डोळे काचेच्या बरोबर मध्यावर येतात. कोणता ड्रायव्हर, याचा घोळ नको म्हणून कंपनीने एक प्रमाण ड्रायव्हर ठरवून दिला होता. तो मोजून ऐंशी किलोचा होता आणि काम पास होईपर्यंत त्याने वजन बदलायचं नाही असं त्याला लेखी कळवलं होतं. गेले तीन आठवडे त्याची बायको ताटात वाढताना वजनकाटा घेऊन बसत होती.

वस्तादांनी पहिली स्प्रिंग पाच मिलिमीटर तारेची केली. प्रमाण ड्रायव्हर बसला आणि आठाच्या जागी सोळा सेंटिमीटर खाली गेला. तसाच तो बस घेऊन निघाला, तर चौकाचौकांत लोक थबकून बघायला लागले, कारण काचेतून फक्त टोपी दिसत होती. संध्याकाळपर्यंत कंपनीकडे तक्रारी आल्या, की तुमची एक बस टोपी चालवते आहे. एका बाईंनी मात्र टोपी गाडी फार सांभाळून चालवते असं मुद्दाम कळवलं.

तेव्हा वस्ताद म्हणाले, सोळाचं आठ करायचं म्हणजे स्प्रिंग दुप्पट ताठ हवी. दुप्पट ताठ म्हणजे दुप्पट जाड तार. पाच दुणे दहा. यात चूक काढायला कुणाला काही सापडलं नाही. दहाची स्प्रिंग झाली. सोमवारी प्रमाण ड्रायव्हर तिच्यावर बसला आणि तसाच थांबला. मग उठला, पुन्हा बसला आणि मालकीणबाईंना विचारलं, "मी बसलो का?"

सीट एक सेंटिमीटर गेलं होतं. पहिल्याच गतिरोधकाला त्याचं डोकं टपाला लागलं आणि टोपी नाकापर्यंत खाली आली. पहिल्या स्प्रिंगने माणूस नाहीसा करून टोपी ठेवली होती. दुसरीने माणूस ठेवला आणि त्याला टोपीत घातलं.

कंपनीने निरोप धाडला : शेवटची संधी, शनिवारी सकाळी. नाहीतर काम दुसरीकडे. मालकीणबाईंनी मंगळवारी सगळ्यांना पाटीखाली गोळा केलं. त्या बोलायला मोजक्या होत्या. भट्टी आठवड्यातून एकदा, गुरुवारी पेटते, तेव्हा एकच स्प्रिंग करता येईल, आणि ती चुकली तर या वर्षी कारखान्यात नवीन कुणालाही कायम करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांनी बारकीकडे पाहिलं नाही, कारण कायम व्हायचं राहिलेली तिथे ती एकटीच होती आणि बाई मनाने वाईट नव्हत्या.

वस्तादांनी डोळे मिटले. पाच मऊ, दहा दगड. तेव्हा मधला मार्ग. साडेसात.

साडेसात हा आकडा इतका समजूतदार वाटला की सगळ्यांनी माना डोलावल्या, मागच्या ढिगानेसुद्धा. आणि बारकीच्या तोंडून, लिफ्टमध्ये गेलं तसंच, निघून गेलं, "पण जाडी पाटीला विचारता येईल की."

वस्तादांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाटी ताठपणा सांगते, जाडी नाही, असं त्यांनी समजावलं. जाडी तिला आपण सांगायची असते. बारकी म्हणाली, जाडी त्यातच आहे ना, गर्दीत. तिला बाहेर काढून एका बाजूला एकटं बसवलं, की तीच सांगेल आपण किती ते. एकटं बसवलं हे शब्द तिने जरा जास्तच जिव्हाळ्याने उच्चारले.

मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. "गुरुवारी भट्टी पेटायच्या आत आकडा आण. नाही आणलास तर साडेसात."

मंगळवारी संध्याकाळी बारकी कागद घेऊन घरी बसली. कागद म्हणजे पडद्याचं बिल, पाठकोरं. तिच्या एका बाजूला आत्या शेंगा सोलत होती, दुसऱ्या बाजूला आतेभाऊ पडद्याची बदकं मोजत होता आणि मोठे काका दूरध्वनीवर कुणाला तरी दूरध्वनी नसता तरी ऐकू गेलं असतं असं बोलत होते. तिने आकडे मांडले. पोलादाचा आकडा आठ हजार. वेढे दहा. व्यास पन्नास. पन्नासचा घन गुणिले दहा गुणिले आठ, म्हणजे बरोबर एक कोटी. हे उत्तर इतकं गोल आलं की तिने दोनदा करून बघितलं. म्हणजे पाटी एवढंच म्हणत होती : जाडीचा वर्ग करा, त्याचा पुन्हा वर्ग करा, आठ हजारांनी गुणा, कोटीने भागा, ताठपणा येईल. पाच घातले की अर्धा यायचा. तिला हवा होता एक. ऐंशी किलोला ऐंशी मिलिमीटर.

आता उलटं जायचं. वर्गाच्या उलट वर्गमूळ, गुणण्याच्या उलट भागणं, भागण्याच्या उलट गुणणं. तिने आधी वर्गमुळं काढून टाकली, कारण तीच सगळ्यांत कटकटीची. एकाचं वर्गमूळ एक. त्याचं पुन्हा एक. हे फारच सोपं गेलं. मग कोटीने गुणलं, आठ हजारांनी भागलं. उत्तर आलं साडेबाराशे.

आत्याने डोकावून विचारलं, आलं का गं उत्तर? बारकी आलं म्हणाली. घरभर आनंद झाला.

साडेबाराशे काय, हे बुधवारी सकाळी तिने कारखान्यात आकडा सांगितला तेव्हा वस्तादांनी विचारलं. मिलिमीटर, बारकी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं. पण शब्द निघून गेले होते. वस्तादांनी शांतपणे टेप काढला. सव्वा मीटर जमिनीपासून मोजला. तो त्यांच्या छातीपर्यंत आला.

"पोरी," ते म्हणाले, "ही तार नाही. हिच्यात पाणी साठवता येईल."

दिवसभर तिला कुणी बारकी म्हटलं नाही. सव्वा मीटर, जरा ती खोकी इकडे सरकव. सव्वा मीटर, चहा घेतेस का, का टाकी भरलेली आहे? ती दोनदा हसली, तिसऱ्यांदा मागच्या अंगणात जाऊन नापसंत स्प्रिंगांच्या शेजारी उभी राहिली. तिथेही ढीग मान डोलावत होता. संध्याकाळी निघताना वस्तादांनी साडेसातची तार काढून भट्टीजवळ ठेवली होती.

घरी आतेभाऊ खोलीत खिळा ठोकत होता.

गुरुवार उजाडला. आता बाहेरच्या खोलीतली झोपायची व्यवस्था सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आतली खोली आजी-आजोबांची. बाहेर भिंतीला बारकी, कारण ती सगळ्यांत आधी झोपायची. तिच्या शेजारी आई. मग आत्या. मग आतेभाऊ. आणि सगळ्यांत शेवटी येऊन, दाराला लावलेल्या घडीच्या खाटेवर, मोठे काका. खाट उघडली की दार बंद, काका उठून खाट मिटली की दार उघडं. त्यामुळे घराचा एक कायदा होता : शेवटी आलेला आधी बाहेर. म्हणजे काका, मग आतेभाऊ, मग आत्या, मग आई, आणि मग भिंतीपाशी उरलेली बारकी.

त्या सकाळी आत्याला दूध उतू गेल्याचा वास आला आणि तिने कायदा मोडला. मधूनच उठून ती दाराकडे निघाली. तिचा पाय आतेभावाच्या पोटावर पडला, तो वळला, त्याच्याबरोबर गादी वळली, गादीने खाटेचा पाय ओढला आणि खाट मिटली, काकांसकट. पुस्तकात मोरपीस ठेवतात तसे काका आत गेले. बाहेर फक्त पावलं राहिली. आई उठून आत्याला धरायला गेली, तर तीही आतेभावावर पडली. दूध मुळी उतू गेलंच नव्हतं. बाबांनी ते केव्हाच उतरवलं होतं.

मिटलेल्या खाटेतून मोठ्या काकांचा आवाज आला. तो जरा दबलेला होता, म्हणजे इतरांच्या मोठ्या आवाजाएवढा. "मधल्यांनी आधी निघायचं नसतं. किती वेळा सांगायचं? शेवटी आलेला आधी बाहेर. आधी मी."

बारकी भिंतीला टेकून उभी होती. ती त्या ढिगाकडे बघत होती आणि तिला तो ढीग ओळखीचा वाटला.

भिंतीला जाडी. एकटी. तिच्याजवळ पहिल्यांदा आलं कोण? एक वर्ग. मग दुसरा वर्ग. आई आणि आत्या. मग आठ हजार आला, आतेभाऊ. आणि सगळ्यांत शेवटी दाराला आडवा एक कोटी. कोटी काका. आणि तिने मंगळवारी काय केलं होतं? आई आणि आत्याला उचलून आतेभावाच्या आणि काकांच्या डोक्यावरून बाहेर काढलं होतं. मग सव्वा मीटर येईल नाही तर काय होईल. माणसं बाहेर काढायची तर नुसती उलटी करून भागत नाही. क्रमही उलटा लागतो.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आधी निघा."

"तेच म्हणतोय मी," खाट म्हणाली.

काका निघाले. आतेभाऊ निघाला. आत्या निघाली, आई निघाली. आणि चार सेकंद, बाबा दूध कुणाला हवंय विचारायला येईपर्यंत, बारकी खोलीत एकटी होती.

ती कारखान्यात अर्धा तास आधी पोचली. कारखान्याच्या कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे बोटांनी झिजून गेले होते, फक्त वर्गमुळाचं बटण कोरं करकरीत होतं. तिने एक दाबला. आधी काकांना काढलं : गुणिले एक कोटी. मग आतेभाऊ : भागिले आठ हजार. साडेबाराशे. हा आकडा कालचाच होता, पण काल तो शेवट होता आणि आज अजून दोन माणसं जायची होती. वर्गमूळ. पस्तीस पूर्णांक पस्तीस. आत्या गेली. पुन्हा वर्गमूळ. आई गेली.

पाच पूर्णांक पंचाण्णव.

तिने कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि कुणी बघत नाहीये याची खात्री करून भिंतीशी ताठ उभी राहिली.

वस्ताद आले, भट्टी पेटली, मालकीणबाई आल्या. बारकीने सांगितलं, सहा मिलिमीटर. काल सव्वा मीटर, आज सहा मिलिमीटर. वस्ताद म्हणाले, पोरगी वाळत चालली आहे, उद्यापर्यंत दोरा होईल. मग मात्र ते गंभीर झाले. पाचाने ड्रायव्हर बुडाला होता. सहा म्हणजे पाचाचा सख्खा शेजारी. एका मिलिमीटरने काय होणार होतं?

"पाच चार वेळा गुणा, वस्ताद," बारकी म्हणाली. "सव्वासहाशे. सहा चार वेळा गुणा. बाराशे शहाण्णव. दुप्पट झालंच की. एकच मिलिमीटर आहे, पण तो चार वेळा येतो."

मालकीणबाईंनी कॅल्क्युलेटर वस्तादांच्या हातात दिला आणि तुम्हीच घालून बघा म्हणाल्या. पाटीची रीत अशी नव्हती. जन्मायच्या आधी वजन करणं वस्तादांना अपशकुनी वाटत असावं. पण बाई उभ्या होत्या. त्यांनी सहा घातला. एक आणि वर थोडंसं आलं. मग, स्वतःहून, त्यांनी साडेसात घातला. अडीच आला. म्हणजे आठाच्या जागी ड्रायव्हर तीन सेंटिमीटर जाणार आणि टोपी पुन्हा नाकावर येणार. मग वस्तादांनी हळूच दहा घातला. आठ आला. ऐंशी किलोला एक सेंटिमीटर. सोमवारी जे झालं होतं ते आकड्याला आकडा.

"म्हणजे सोमवारची फजिती पाटीवर आधीपासून लिहिलेलीच होती," ते म्हणाले. "आणि मी तिच्याखाली बसून डबा खात होतो."

कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, मग कोणती तार? वस्तादांनी बारकीला पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. चुकलं तर तुझंच जायचंय, माझं नाही. बारकीला खिळा ठोकल्याचा आवाज आठवला. ती म्हणाली, नक्की.

वस्ताद उठले, साडेसातची तार परत जागेवर ठेवली आणि सहाची काढली. पुढचं काम पाटीला येत नव्हतं, ते त्यांना येत होतं. लालबुंद तार त्यांनी दांड्यावर अशी वळवली की दहाच्या दहा वेढे एकाच आईची लेकरं वाटावीत. शेवटचा वेढा बसला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. सवय ती सवय.

शनिवारी प्रमाण ड्रायव्हर आला. या वेळी त्याने स्वतःचं स्टिअरिंग बरोबर आणलं होतं, कारण हातात काही नसलं की आपल्याला नीट बसता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीची दोन माणसं मोजपट्टी घेऊन गुडघ्यांवर बसली. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. बारकी खोक्यांच्या मागे उभी राहिली, पण ती उंच असल्याने ते लपणं खांद्यापर्यंतच झालं.

ड्रायव्हरने स्टिअरिंग वस्तादांकडे दिलं, तो बसला. सीट खाली गेलं, जरा डोललं, थांबलं.

"सात पूर्णांक सात," कंपनीचा माणूस म्हणाला.

आठ नव्हतं. तीन मिलिमीटर कमी. बारकीला ते माहीत होतं. तार पाच पूर्णांक पंचाण्णवची मिळत नाही, सहाची मिळते, आणि ते वरचं थोडंसं कुठेतरी दिसणारच होतं. तिने तोंड उघडलं, पण कंपनीचे दोघे एकमेकांकडे बघत होते आणि चालेल की नाही हे दोघांनाही दुसऱ्याने म्हणायला हवं होतं. कारखान्यात इतकी शांतता झाली, की मागच्या अंगणातली एक स्प्रिंग आपल्या आपण किणकिणली ती ऐकू आली.

तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "ते माझं स्टिअरिंग द्या हो इकडे. मला चैन पडत नाही."

वस्तादांनी स्टिअरिंग त्याच्या मांडीवर ठेवलं. स्टिअरिंग तीन किलोचं होतं.

कंपनीच्या माणसाने मोजपट्टीवर डोळा लावला. मग दुसऱ्याला लावायला सांगितला. मग दोघांनी बाईंना बोलावलं, बाईंनी वस्तादांना, आणि वस्तादांनी बारकीला खोक्यांमागून बाहेर ओढलं.

आठ. केसाएवढं इकडे नाही, तिकडे नाही.

ड्रायव्हर समोर बघत होता. त्याचे डोळे काचेचा मध्य म्हणून खडूने आखलेल्या रेघेवर बरोबर होते आणि टोपी जिथे टोपी असते तिथे होती. मला रस्ता दिसतोय, तो म्हणाला. समोर भिंत होती, पण भावना पोचली. मग त्याने खिशातून फोन काढला आणि बायकोला एवढंच सांगितलं, "काटा ठेवून दे. आज पोटभर."

चाळीस सीटांचं काम पक्कं झालं. कायमपणाचं पत्र मालकीणबाईंनी त्याच टेबलावर, उभ्या उभ्या, कॅल्क्युलेटरचं वजन ठेवून लिहिलं. पॅकिंग सोडून माप काढायची जागा. तशी जागा कारखान्यात नव्हती, ती पत्राबरोबरच झाली. पत्र देताना बाई म्हणाल्या, आता दुसरी पाटी लागेल, जाडी डावीकडे असलेली. पेंटरने पुढे ती रंगवली तेव्हा वर्गमुळाचं चिन्ह दोनदा बघून त्याला लिहिणाऱ्याची चूक वाटली आणि त्याने ते एकदाच काढलं. ते पकडलं वस्तादांनी. शिडी धरून उभे होते ते. "एक छप्पर राहिलं," ते म्हणाले. "दोन लागतात. नाहीतर तार भलतीच जाड होते, विचार हिला."

पण ते नंतर. शनिवारी दुपारी बारकी पत्र घेऊन घरी आली आणि मोठ्या काकांच्या हातात दिलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणजे गल्लीने ऐकलं. सोमवारच्या आधी शनिवार येतो, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आतेभावाने तारीख दोनदा तपासली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासली, मग आत जाऊन पडदा घेऊन आला.

"खिडकी तीच आहे," तो म्हणाला. "मग बदकांनी काय पाप केलंय."

गादी, उशी, पाण्याची बाटली आणि कायमपणाचं पत्र घेऊन बारकी जिन्यावरच्या खोलीत गेली. तीन मीटर बाय दोन. ती भिंतीशी बसली. तिने श्वास घेतला.

मग आई आली, नीट बसलीस का बघायला. तिच्यामागून आत्या आली, एकटं राहतात म्हणजे नक्की कसं राहतात ते बघायला. आतेभाऊ पडदा लावायला आला. शेवटी मोठे काका आले, आणि आता सगळे आलेच आहेत तर म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. पाच माणसं त्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. किती छान एकटी बसलीये, आत्या म्हणाली.

बारकी रागावली नाही. रागवायचं कारण नव्हतं. आता तिला येत होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही शेवटी आलात."

काकांनी मान डोलावली. कायदा त्यांचाच होता. ते उठले, दार उघडलं, बाहेर गेले. मग आतेभाऊ. मग आत्या, दोनदा मागे वळून बघत. मग आई. आईने उंबऱ्यातून परत येऊन उशी थापटून दिली, ते थापटणं या कायद्यात कुठे बसत नव्हतं पण आया कुठेच बसत नाहीत, आणि दार ओढून घेतलं.

दाराच्या एका बाजूला बारकी. दुसऱ्या बाजूला बाकीचे सगळे.

जिन्यावर कुजबुज चालू होती. ती आत काय करत असेल, यावर तीन मतं पडली होती आणि मोठ्या काकांची कुजबुज शेजारच्या घरातही पोचत होती. बारकीने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. खिडकीत बदकं एका रांगेत चालली होती. नऊ मिनिटं झाली. दहा झाली. अकरावं मिनिट आलं आणि कुणीही दार उचकटलं नाही, कुणी घाबरू नका म्हणालं नाही.

मग बारावं सुरू झालं.